कासारवाडीतले वाऱ्याचे टेबल

मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलेत तर ओळखणार नाही. माझ्यावर गाद्यांची चळत आहे, तिच्यावर एक ट्रंक आहे, आणि माडीवर येणारे पाहुणे मला जुना पलंग समजतात. पण मी पलंग नाही. मी एक खेळाचे टेबल आहे, परदेशात घडलेले आणि कासारवाडीत म्हातारे झालेले. माझी हकीकत सांगावी असे मला फार दिवस वाटत होते. मग दर वेळी वाटे, यात सांगण्यासारखे आहे तरी काय? पराक्रम माझा एकही नाही. मी जागच्या जागी उभा होतो. खेळले, हसले, दमले ते सगळे माणसांनी. तरी आज सांगतो. मधेच कंटाळा आला तर उठून जा, मला वाईट वाटणार नाही.

आधी माझी रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझा माथा म्हणजे एक लांबरुंद, पांढरा, गुळगुळीत फळा. त्याला कारखान्यातल्या यंत्राने ओळीने बारीक भोके पाडली, सुईचे टोक जाईल एवढी. फळ्याखाली पोकळ पेटी आणि पेटीला विजेची मोटर. मोटर पेटीत हवा भरते, ती हवा भोकाभोकांतून वर येते, आणि माझ्यावर ठेवलेली प्लास्टिकची चकती त्या हवेवर तरंगते. तरंगते म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी नव्हे, केसभरच. पण त्या केसभर अंतरामुळे तिला अडवणारे काही उरत नाही. नुसता धक्का दिला तरी ती सूं करत या टोकाची त्या टोकाला जाते. दोन्ही टोकांना एकेक फट असते. दोघे जण समोरासमोर उभे राहतात, टोपीच्या आकाराची एकेक मूठ, जिला पुढे घरात सगळे टोपीच म्हणू लागले, हातात धरतात, आणि चकती दुसऱ्याच्या फटीत घालायला बघतात. एवढाच खेळ.

एका परदेशी इंजिनियरच्या सामानाबरोबर, सुटे भाग करून, मी चिंचवडला आलो. तिथे कारखाना उभा करून द्यायला तो आला होता. काम संपताच तो परत गेला, आणि बंगल्यातल्या वस्तू बागेत मांडून विकल्या गेल्या. मी बागेत एका कडेला होतो. लोक येत, मला ठोकून बघत आणि खुर्च्यांकडे वळत. जोडलेला नसलेला फळा आणि तीन पाय कोण विकत घेणार? चौथा पाय प्रवासातच कुठेतरी राहिला होता.

मला घेतले इम्तियाजने. कासारवाडी स्टेशनाजवळ त्याच्या वडिलांचे, नूरमोहम्मदचाचांचे, दुरुस्तीचे दुकान होते, आणि इंजिनियरच्या गाडीचे काम करायला इम्तियाज त्या बंगल्यावर जात असे. त्याने तिथल्या स्वयंपाक्याला विचारले, "हे काय आहे?"

"कॅरमच आहे, पण हवेवरचा," स्वयंपाकी म्हणाला. "साहेबाची पोरं खेळायची. सोंगट्या नाहीत, बोटं लागत नाहीत. नुसती मूठ."

बोटं लागत नाहीत हे ऐकून इम्तियाज माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मला वाटले माझ्यात काही दोष दिसतो आहे. तो का बघत होता ते मला नंतर कळले.

त्याचा एक मित्र होता, ज्योतीराम. दोघे लहानपणापासून कॅरमचे जोडीदार. मंडळाच्या स्पर्धेत ही जोडी समोर आली की निम्मे लोक खेळायच्या आधीच पावडर पुसून उठत. ज्योतीराम चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करी. पत्रा आत सरकवायचा, प्रेस खाली येतो, वाटी तयार. एका दुपारी प्रेस खाली आला तेव्हा पत्र्याबरोबर त्याचा उजवा हातही आत होता. चार बोटे गेली. अंगठा आणि तळवा राहिला.

जखम भरली, पण ज्योतीराम माडीवरून खाली येईना. हात सदैव विजारीच्या खिशात, नाहीतर टॉवेलखाली. कंपनीने त्याला गेटवर काम देऊ केले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघायचे. बरेच दिवस ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. पण पास हाताने घ्यावा लागतो आणि हाताने परत द्यावा लागतो. ज्योतीराम जायला तयार नव्हता. घरात तो आणि त्याची आई, दोघेच.

टेम्पोतून मला दारात उतरवले तेव्हा त्याची आई, कौशल्याबाई, ओसरीवर लसूण सोलत होत्या. त्यांचे रान बासष्टच्या सुमारास कारखान्यांत गेले होते. पण अंगणात येणारी प्रत्येक वस्तू बैल पारखावा तशी पारखायची त्यांची सवय गेली नव्हती. त्या माझ्याभोवती फिरल्या.

"आरं इम्तियाज, ही खाट कुठनं आनलीस? आन भोकं का पाडलीत एवढी? ढेकनांना राहाया खोल्या केल्यात व्हय?"

"मावशी, झोपायचं नाही यावर, खेळायचं. बिनबोटांचा कॅरम आहे हा."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. वर माडीची खिडकी उघडी होती. आतून कुणीतरी ती हळूच लावून घेतली. कौशल्याबाईंनी वर पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि पदर खोचून म्हणाल्या, "चला, उचला. मी या बाजूनं धरते."

माझी जोडणी दोन संध्याकाळी चालली. माझे निम्मे स्क्रू हरवले होते आणि उरलेल्यांचे आटे इकडच्या नटांना बसत नव्हते. नूरमोहम्मदचाचा त्यांना उद्देशून जे बोलत ते मी इथे सांगत नाही. त्यांनी नवे बोल्ट पाडून आणले. चौथा पाय लोखंडी अँगलचा केला. त्याला रंग लावायचा राहिला तो राहिलाच. मी थोडाही कलता असलो तर चकती एकाच बाजूला पळते, म्हणून मला समतल करायचे होते. कौशल्याबाईंनी पाण्याने भरलेली परात आणून माझ्यावर ठेवली, आणि पाणी चारी कडांना सारखे येईपर्यंत पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवायला लावले. ज्योतीराम त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून, पलंगावर पडला होता.

सगळे झाल्यावर इम्तियाजने मोटरची वायर भिंतीतल्या प्लगला लावली. मला एवढेच आठवते, की माझ्या पोटात एकदम वादळ उठले. मी आयुष्यात कधी इतका जोरात फुंकलो नव्हतो. मग जळका वास आला, धूर आला, आणि सारे थांबले. माझी मोटर इथल्या विजेच्या निम्म्या दाबावर चालणारी होती.

"किती व्होल्टची आहे ते वाचलं नाहीस?" चाचांनी विचारले.

"अब्बा, इंग्रजीत होतं ते."

"आकडेपण इंग्रजीत होते का?"

पलंगावरून आवाज आला, "जळलं ना? बरं झालं. न्या आता खाली."

त्या खोलीत मी ऐकलेले ज्योतीरामचे ते पहिले बोलणे. ते ऐकून मला वाटले, याचे म्हणणे बरोबर आहे. मी इथे शोभत नाही. पण कौशल्याबाईंना मुलगा काहीतरी बोलला याचेच अप्रूप वाटले. त्या चाचांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "नूरभाऊ, काय बी करा, पर ह्ये चालू करा."

मोटरच्या आतला पंखा वितळून गेला होता, तिचे काही होण्यासारखे नव्हते. चाचांनी दुकानातून लोहाराच्या भट्टीला वारा घालायचा एक जुना पंखा आणला. त्याला बाजूला दांडा असतो. दांडा हाताने फिरवायचा, की आतली पाती फिरतात आणि नळीतून वारा येतो. कॅनव्हासची नळी शिवून त्यांनी तो माझ्या पोटाला जोडला. पुढेमागे पुण्यातून इथल्या विजेवर चालणारी मोटर आणू, तोवर हे, असे ठरले. दांडा कोण फिरवणार असे कुणी विचारलेसुद्धा नाही. कौशल्याबाई पाट ओढून बसल्याच होत्या.

"जात्यावानीच हाय की," त्या म्हणाल्या. "फकस्त पीठ पडत न्हाई."

वारा आला. मोटरसारखा एकसारखा नव्हे. दांडा वर आला की किंचित कमी, खाली गेला की जास्त. मी पुन्हा श्वास घेऊ लागलो, आणि तो श्वास एका माणसाच्या हाताचा होता. इम्तियाजने चकती ठेवून एकट्यानेच इकडून तिकडे धावत खेळून दाखवले, स्वतःवरच ओरडला, स्वतःलाच हरवले. ज्योतीरामने भिंतीकडचे तोंड वळवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हते. ज्योतीराम उठला आणि माझ्याजवळ आला. बराच वेळ उभा राहिला. मग कोनाड्यातून एक डबी काढली. कॅरमच्या दिवसांतली बोरिक पावडर होती ती. कॅरमची सोंगटी नीट सरकावी म्हणून पावडर टाकतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला तो कॅरमच समजत होता, त्याला दुसरे कुणी काही सांगितले नव्हते. त्याने डाव्या हाताने माझ्यावर पावडर शिंपडली. आणि मग, मित्रांनो, त्याने खिशातला उजवा हात बाहेर काढला, तळवा माझ्यावर टेकवला आणि गोल गोल फिरवत पावडर पसरू लागला. हात काय करतो आहे हे त्याच्या लक्षातही आले नसावे. अंगची सवय होती ती.

माझी भोके बुजत होती. माझ्यासारख्या वस्तूला यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही. तरी तो हात उचलला जाऊ नये असे मला वाटत होते. तळवा गरम होता. त्याने चकती ठेवून ढकलली. वाऱ्याशिवाय ती वीतभरच गेली. त्याने आणखी पावडर टाकली. जिन्यावर पावले वाजली तेव्हा हात चटकन खिशात गेला आणि तो पलंगावर जाऊन पडला.

संध्याकाळी इम्तियाज वर आला. त्याने माझ्यावर वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "हे कुणी केलं? सगळी भोकं बुजली. आता वारा काय..."

कौशल्याबाईंनी त्याची बाही ओढली आणि बोट दाखवले. पांढऱ्या पावडरीत एक ठसा उमटला होता. एक तळवा, एक अंगठा, पुढे काही नाही.

"तू गप ऱ्हा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्या करते साफ."

गोधडी शिवायची सुई घेऊन त्या माझी भोके साफ करायला बसल्या. एकेका भोकात सुई घालायची, फिरवायची, फुंकर मारायची. किती दिवस लागले ते मी मोजले नाही. घरकाम आटोपून त्या वर येत आणि उजेड असेपर्यंत माझ्यावर वाकून बसत. फुंकर मारताना पावडर उडे आणि त्यांना खोकला येई. ज्योतीराम पलंगावरून बघत असे. पहिले काही दिवस नुसता बघत राहिला. मग एकदा म्हणाला, "आय, ती कोपऱ्यातली राहिली बघ." आणखी काही दिवसांनी तो सुई घेऊन दुसऱ्या टोकाला बसला. डाव्या हाताने.

मी पुन्हा मोकळा झालो तेव्हा खेळ सुरू झाला. ज्योतीराम डाव्या हाताने खेळे आणि हरे. इम्तियाज आधी मुद्दाम चकती सोडून देई, ते ज्योतीरामला कळे आणि तो टोपी ठेवून देई. एका संध्याकाळी इम्तियाजनेच टोपी खाली ठेवली.

"मी नाही खेळत, राव. डाव्या हाताच्या माणसाला हरवून काय मिळणार? दुकानात जाऊन सांगायलापण लाज वाटते."

"मग नको खेळू."

"नाहीच खेळत. तुझा उजवा काय खिशात अंडी उबवतोय?"

मला वाटले आता सगळे संपले. दांडा फिरायचा थांबला. ज्योतीराम त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू आले. आधी नाकातून, मग खरेच. त्याने हात काढला. टोपीच्या मधल्या उंचवट्यावर तळवा ठेवला, अंगठ्याने बाजू धरली, आणि म्हणाला, "आय, फिरव."

त्या हाताला बोटे नव्हती, पण मनगट कॅरमवाल्याचे होते. चकती कुठल्या कडेला आपटून कुठे जाईल हे त्याला आधीच दिसत असे. इम्तियाज त्या दिवशी हरला, दुसऱ्या दिवशीही हरला, आणि पुढे मुद्दाम हरायची त्याला गरज उरली नाही. रोज संध्याकाळी माझ्यावर खटखट सुरू होई.

"अरे, कडेला मारलीस ती, चालत नाही," इम्तियाज म्हणे.

"तुझ्या अब्बांनी नियम लिहून दिलाय का?"

"मावशी, बघा हा रडीचा डाव."

"मला काय इचारता? मी आपली वारा घालनारी," पाटावरून कौशल्याबाई म्हणत.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. पण सांगताना मला एक लपवता येत नाही. तो हात बाहेर येई तो फक्त त्या खोलीत, त्या दोघांसमोर, दार लावून. जिन्यावर तिसऱ्या कुणाचे पाऊल वाजले की तो खिशात जाई. भाजीला, दुकानात, लग्नकार्यात ज्योतीराम अजूनही जात नव्हता. कौशल्याबाई दांडा फिरवता फिरवता तोच विषय काढत.

"गेटावरचं काम घे, ज्योती. ती जागा किती दिस ठिवतील?"

"आय, सगळी शिफ्ट माझा पंजा बघत आत जाणार."

"बघू दे की. बघून बघून दमतील."

"बघू पुढं."

"येकदा चारचौघांत हात बाहेर काढल्याला मला बघू दे. मग काय बी मागायची न्हाई मी."

त्यावर तो चकती जोरात मारी. कौशल्याबाईंना जगाकडून एवढेच हवे होते, आणि ते माझ्या चार कडांच्या बाहेर काही सरकत नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला कळत होती. दांडा आता पहिल्यासारखा फिरत नव्हता. चार फेरे नीट येत, पाचवा अडखळे. त्यांना दम्याचा त्रास होता. चुलीच्या धुराने जुनाच, आता वाढलेला. पण चकतीच्या खटखटीत आणि त्या दोघांच्या हसण्यात खालचा श्वास कुणाला ऐकू येणार? वारा कमी झाला की ज्योतीराम खेळाच्या भरात म्हणे, "आय, जोरात." आणि त्या जोरात फिरवत. पुण्याहून मोटर आणायचे मागेच राहून गेले होते. चाचांनी एकदोनदा विषय काढला, तेव्हा कौशल्याबाईच म्हणाल्या, "चाललंय की. कशाला खर्चात पडता? या निमतानं मी पोरात बसते." चालले होते हे खरेच होते. तिथेच सगळे अडले.

पुढे इम्तियाजला आखातातल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. त्या वर्षांत आसपासचे बरेच जण जात होते. जायच्या आदल्या संध्याकाळी तो खेळायला आला, पण डाव अर्धाच झाला. "दोन वर्षांत येतो," तो म्हणाला. "तोवर सराव ठेव. आणि मावशी, हसीना येईल दांडा फिरवायला. तुम्ही खेळा याच्याशी." हसीना म्हणजे त्याची बायको.

हसीना खरेच आली. डोक्यावरची ओढणी सावरून पाटावर बसली आणि हसत म्हणाली, "दाखवा मावशी, कसं फिरवायचं." कौशल्याबाई टोपी हातात घेऊन माझ्या टोकाशी उभ्या राहिल्या. त्यांना मी पहिल्यांदाच उभे राहून खेळायच्या तयारीत पाहत होतो. पण ज्योतीरामचा हात खिशात होता. "डोकं दुखतंय," म्हणून तो खाली निघून गेला. हसीना चार दिवस आली. चारही दिवस त्याचे डोके दुखत होते. मग तिने येणे बंद केले. तिला राग आला नव्हता, आपण अडचण करतो आहोत असे वाटले.

त्यानंतर मायलेक दोघेच उरले. माझ्यावर खेळायला दोघे लागतात आणि वारा घालायला तिसरे. कौशल्याबाईंनी एक युक्ती केली. दांडा जोरात गरगरा फिरवायचा, आणि पाती थांबायच्या आत धावत जाऊन टोपी पकडायची. एक फटका जेमतेम होई. मग वारा सरे आणि चकती मधेच बसून राही. दोघे हसू लागले. हसता हसता कौशल्याबाईंना खोकला आला आणि तो थांबेना. त्या माझ्या कडेला धरून खाली बसल्या. त्या दिवशी खटखट नव्हती, इम्तियाज नव्हता, खोली शांत होती. ज्योतीरामने तो श्वास पहिल्यांदा ऐकला. पितळी भांडे घासावे तसा आवाज होता.

"आय, हे कधीपासून?"

"कुठं काय. धावले म्हनून."

त्याने दवाखान्यात नेले, औषधे आणली, पाठीला तेल चोळले. माझ्या खोलीत आता कुणी येत नव्हते. खालून खोकला ऐकू येई, आणि मग त्या थंडीत एका पहाटे तो ऐकू येईनासा झाला.

माझी जागा खिडकीशी आहे. खिडकीतून अंगण दिसते. त्या सकाळी अंगण माणसांनी भरले होते. आळीतली माणसे, कंपनीतली माणसे, नूरमोहम्मदचाचा, भिंतीशी हसीना. कौशल्याबाईंना मधोमध निजवले होते. भावकीतले वडीलधारे सोपानराव सगळे बघत होते. मुलाने आईच्या तोंडात तुळशीपानाने पाणी घालायचे होते. ज्योतीराम पुढे झाला, खाली बसला, आणि त्याने डावा हात पुढे केला.

सोपानराव वाकून हलकेच म्हणाले, "ज्योती, डावा चालत न्हाई, बाबा. तुझ्या वतीनं मी घालू का?"

ज्योतीरामने मान हलवली. "न्हाई. मीच घालतो."

त्याने टॉवेल बाजूला केला आणि उजवा हात बाहेर काढला. सगळ्या अंगणासमोर. तुळशीचे पान अंगठ्याने तळव्यावर दाबून धरले. पाण्यात बुडवले. पहिल्यांदा पान निसटून पडले. त्याने ते उचलले, पुन्हा बुडवले, आणि आईच्या ओठांवर टेकवले. घाई केली नाही. सगळे बघत होते, आणि कुणी मान वळवली नाही.

ते पाहायचे होते एकाच माणसाला. त्या माणसाचे डोळे मिटलेले होते. मी पाहिले, पण माझ्या पाहण्याला काय किंमत?

दिवसकार्य झाल्यावर ज्योतीराम कंपनीत गेला. गेटवरची जागा गेली होती. काही महिन्यांनी दुसऱ्या गेटवर मिळाली. पहाटेचा भोंगा वाजायच्या आत तो जिना उतरून जाई. हात खिशात नसे. शिफ्टमधल्या माणसांनी दोन-चार दिवस बघितले असेल. पुढे ते पास दाखवत, राम राम घालत आणि आत जात. तो कसला तरी मोठा विजय होता असे त्याच्या चालण्यावरून वाटत नसे.

इम्तियाज रजेवर आला तेव्हा त्याच्या सामानात एक खोके होते. त्यात मोटर होती, इथल्या विजेवर चालणारी, माझ्या मापाची. मावशी गेल्याचे त्याला कळवले होते, पण मोटर त्याने आधीच घेऊन ठेवली होती. तो, हसीना आणि ज्योतीराम वर आले. माझ्यावरची धूळ पुसली. इम्तियाज पेचकस काढू लागला.

"थांब," ज्योतीराम म्हणाला. "आज तुम्ही दोघं खेळा. मी फिरवतो."

तो पाटावर बसला. हसीनाच्या समोर त्याने उजवा तळवा दांड्यावर ठेवला, वरून डावा हात धरला आणि फिरवू लागला. मला वारा आला. चकती हलली. इम्तियाजने फटका मारला, हसीनाने परतवला. खटखट सुरू झाली. थोड्याच वेळात माझ्या वाऱ्याला ओळखीचा अडखळा आला. चार फेरे नीट, पाचवा जड. ज्योतीराम तरणाबांड होता, त्याच्या छातीत दम्याचे काही नव्हते, तरी त्याच्या कपाळावर घाम आला. तो थांबला.

"इम्त्या," तो म्हणाला, "हे एवढं जड होतं?"

बसवताना एकदोन फेरे सोडले तर इम्तियाजनेही तो दांडा कधी हातात धरला नव्हता. तो आला, ज्योतीरामच्या शेजारी खाली बसला आणि दांड्यावर हात ठेवून राहिला. हसीनाने चकती उचलून कडेला ठेवली. त्या दिवशी पुढे कुणी खेळले नाही.

मोटर नंतर बसवली. चांगली आहे, एकसारखी चालते, दमत नाही. काही दिवस खेळ झाला, मग कमी झाला, मग माझ्यावर गाद्या आल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तूंचे असेच होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांवरची धूळ पुसा, असे तुम्हाला सांगायला हवे, आणि ते खरेही आहे. पण मला पुसले नाहीत तरी चालेल. तुम्ही कुठेही खेळत असाल, जेवत असाल, हसत असाल, तर तुमच्या त्या सुखाखाली कुणीतरी पाटावर बसून दांडा फिरवत असेल. ते माणूस विचारल्यावर 'चाललंय की' असेच म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. हातातला खेळ खाली ठेवा, त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि म्हणा, "सरक थोडं, आता मी फिरवतो."